नंबर द्या ना मॅडम : दुकानदारांचे आणि गिऱ्हाइकांचे अनुभव

गोधडीवाली
काल आमच्या पिठाच्या गिरणीवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन पानी 'गोपनीयता धोरण' पाठवलं. तिसऱ्याच ओळीत 'येथे कंपनीचे नाव लिहा' तसंच राहिलेलं. हसता हसता २०१८ आठवलं.

तेव्हा मी गोधड्या परदेशी पाठवायचे. मे महिन्यात युरोपात जीडीपीआर, म्हणजे लोकांची खासगी माहिती जपण्याचा कायदा, लागू झाला आणि जूनमध्ये जर्मनीतल्या एका गिऱ्हाईक बाईंची मेल आली. माझ्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते कळवा म्हणे. मुदत एक महिना. एक्सेल उघडली. नाव, पत्ता, पलंगाचं माप, आणि 'शेरा' या रकान्यात मीच टाईप केलेलं : 'निळा नको. घासाघीस फार. नवरा चिकट.'

पुसून पाठवावं असं दोन दिवस वाटत होतं. शेवटी आहे तसं भाषांतर करून पाठवलं, वर माफी मागितली. बाईंचं उत्तर : नवऱ्याबद्दलचं खरं आहे. नंतर दोन गोधड्या घेतल्या. शेऱ्याचा रकाना मी उडवला.

आपल्याकडचा असाच डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तुमच्याकडे काय चाललंय? लिहा.

खारे_शेंगदाणे
नवरा चिकट 😂😂

आमच्याकडे एक 'सल्लागार' आला होता. दंड अडीचशे कोटी, आमचं प्रमाणपत्र घ्या, फक्त अठरा हजार. बाबा म्हणाले, अडीचशे कोटींचं दुकान असतं तर तुला चहा पाजला असता. साध्या दुकानदाराने असलं प्रमाणपत्र घ्यावं असं कायद्यात कुठेच नाही. अडीचशे कोटी ही कमाल मर्यादा, तीही माहिती नीट न सांभाळल्याबद्दल. आणि मुख्य बंधनं मे २०२७ पासून.

क्लासवाली
दहावीपर्यंतचे क्लास घेते. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागणार, तीही पडताळता येईल अशी. फॉर्म वाटले. ४० पैकी ११ परत आले, त्यातल्या दोनांवर मुलांनीच सह्या ठोकल्यात. अक्षर मी ओळखते की!

खरा गोंधळ ग्रुपवर. चाचणीचे गुण सगळ्यांसमोर टाकायचे मी, वर्षानुवर्षं. एका आईने खासगीत लिहिलं, 'ताई, तो जेवला नाही.' त्या दिवसापासून बंद. कायदा नंतर आला.

भाकरतुकडा
वाण्याच्या उधारीच्या वहीला लागतो का हा कायदा? आमचं नाव पहिल्या पानावर आहे म्हणून विचारतो.

खारे_शेंगदाणे
@भाकरतुकडा नुसत्या कागदावर असेल तर नाही. मोबाईलमध्ये चढवली की लागतो. उधारी फेडा.

समुद्रकाठी
आमचं होमस्टे आहे. पाहुण्यांच्या आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा सासूबाईंनी रद्दीत घातला. आठवड्याने नाक्यावरून भजी आणली, तर पुडीच्या आत पुण्याचे एक काका आमच्याकडे बघतायत! तेलात भिजलेला फोटो, नंबर मात्र स्पष्ट. रद्दीवाल्याकडे धावले, उरलेला गठ्ठा परत विकत घेतला आणि बंबात घातला. आता शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागते. निम्मे पाहुणे विचारतात, ते काय असतं?

मुकी_बुलबुल
कुठची भजी? आम्ही डिसेंबरात येतोय तिकडे.

पेठी_पुणेकर
कपड्याच्या दुकानात रुमाल घेतला. नंबर द्या म्हणे, त्याशिवाय बिल होत नाही. २०२३ मध्येच ग्राहक खात्याने दुकानदारांना सांगितलंय, नंबरासाठी अडून बसू नका. हे ऐकवल्यावर पोरगी रडकुंडीला आली. तिचा तरी काय दोष. शेवटी तिनेच स्वतःचा टाकला. दिवसभर तेच करते म्हणाली.

औषधी_वनस्पती
आमचं मेडिकल. माहिती कशासाठी घेतो याची सूचना मराठीतून देता येते, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कुठलीही भाषा चालते. भाच्याने लिहिलेल्या मसुद्यात 'डेटा फिड्युशरी' होतं. भाऊंनी चष्मा पुसून विचारलं, 'हा कोण?' लोकांची माहिती घेऊन वापरणारा, म्हणजे तुम्हीच, म्हटलं. आता काउंटरवर हाताने लिहिलेली पाटी आहे : 'बीपीच्या गोळ्या संपत आल्या की आठवण करण्यासाठी नंबर घेतो. नको असल्यास खोडून देऊ.' तीन जणांनी खोडायला लावला. त्यातल्या एकांचा पंधरा दिवसांनी फोन, गोळ्या संपल्या, सांगितलं का नाहीत?

गोधडीवाली
@औषधी_वनस्पती 😂 गिरणीवाल्याला नाव राहिलंय म्हणून सांगितलं. आज सकाळी नवीन मेसेज : 'दळण झालं की फोन करायला नंबर ठेवतो. दुसरं काही नाही.'

मुकी_बुलबुल
डबलबेडची गोधडी केवढ्याला? निळी चालेल.

गोधडीवाली
व्यनि (खासगी निरोप) केलाय.