इंग्रजी करारात ‘शॅल’ ठेवावा की ‘मस्ट’ लिहावे?

खरेदीविभाग: आमच्या कारखान्याच्या पुरवठा कराराचा इंग्रजी मसुदा मी नव्याने लिहीत आहे. जुन्या मसुद्यात ओळीओळीला ‘शॅल’ आहे. ‘द सप्लायर शॅल डिलिव्हर द गुड्स’ हे समजते, पण ‘द वॉरंटी पीरियड शॅल बी 12 मंथ्स’ असेही आहे. काही सहकारी म्हणतात की सगळीकडे ‘मस्ट’ करावे. काहींच्या मते ‘शॅल’ गेला की कराराचे वजनच जाते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मसुदेगार: पुरवठादारावर बंधन घालता येते, वॉरंटीच्या मुदतीवर कसले बंधन घालणार? तेथे साधे ‘इज’ पुरे. वाक्याचा कर्ता पक्षकार असेल आणि त्याच्यावर जबाबदारी टाकायची असेल, तेवढ्यापुरताच ‘शॅल’ ठेवावा. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांची भाषा 2007 साली सुधारली, तेव्हा संदिग्ध म्हणून हा शब्द टाळण्यात आला. त्यामुळे ‘मस्ट’ही चालेल, मात्र एकाच करारात दोन्ही मिसळू नयेत, कारण वाद उद्भवला की हा फरक हेतुपुरस्सर केला होता, असा युक्तिवाद समोरचा वकील हमखास करतो.

कोर्टकचेरी: वरील सल्ला योग्य आहे, पण केवळ शब्दावर विसंबू नये. विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर विरुद्ध ॲक्सिस बँक या 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाळखोरी संहितेच्या कलम 7 मधील ‘मे’ आणि कलम 9 मधील ‘शॅल’ यांची तुलना करून, वित्तीय धनकोचा (म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेसारख्या संस्थेचा) अर्ज दाखल करून घ्यावा की नाही याबाबत न्यायाधिकरणाला स्वेच्छाधिकार असल्याचे म्हटले. याउलट कैलाश विरुद्ध नन्हकू या 2005 च्या प्रकरणात, लेखी कैफियतीच्या (प्रतिवादीच्या लेखी उत्तराच्या) मुदतीच्या नियमात ‘शॅल’ असूनही तो सर्वस्वी बंधनकारक मानला गेला नाही. ही उदाहरणे कायद्याची आहेत हे खरे, पण करारातही माल उशिरा आल्यास दंड किती आणि करार रद्द करण्याचा हक्क कधी, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलेले बरे.

खरेदीविभाग: आभारी आहे. ‘द बायर मे नॉट रिजेक्ट द गुड्स’ हे वाक्य चालेल का?

मसुदेगार: टाळावे. ‘खरेदीदाराला माल नाकारता येणार नाही’ आणि ‘खरेदीदार कदाचित माल नाकारणार नाही’ असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. मनाईसाठी ‘शॅल नॉट’ लिहावे.