अनुभव धागा : अपडेट आलं आणि शोधायची सोय गेली

परवा सकाळी ब्राउझर अपडेट झाला आणि माझी 'मो' गेली.

सांगते. मी भाषांतरं करते. ॲड्रेस बारमध्ये 'मो' लिहून पुढे शब्द टाकला की थेट मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात तो शब्द उघडायचा. शिकागो विद्यापीठाने १८५७ची आवृत्ती ऑनलाइन ठेवली आहे, तीच. दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी. ही सोय एका मित्राने कधीतरी बसवून दिली होती, कशी ते मला आजही माहीत नाही. अपडेटनंतर 'मो खळाळ' टाकलं तर समोर मोबाइलच्या ऑफर. मोल्सवर्थसाहेब गायब.

दीड तासाने पत्ता लागला. सेटिंग्जच्या पोटात 'निष्क्रिय शॉर्टकट' नावाची एक कोठडी निघाली, तिथे 'मो' गुपचूप बसली होती. एक बटण दाबलं, सुटली. म्हणजे नुकसान काही नाही. पण मला न विचारता आत टाकलीच का, हा राग काही जात नाही.

तुमचं असं काय गेलं? नुसत्या शिव्या नकोत, हात नेमका कुठे अडतो ते लिहा. कंपन्यांची नावं मात्र नकोत, सगळे एकाच माळेचे मणी.

काउंटरवाला
औषधाचं दुकान आहे. बिलाची स्क्रीन उघडली की कर्सर थेट औषधाच्या नावावर उभा असायचा, आणि नावातली मधली अक्षरं मारली तरी माल समोर यायचा. डॉक्टरांचं पहिलं अक्षर कधी कुणाला लागलंय? टेल्मिसार्टनसारख्या नावातलं शेवटचं 'सार्टन' तेवढं लागतं आणि पुढचा ४० (मिलिग्रॅम). तेवढ्यावर आमचं काम व्हायचं.

मार्चमध्ये नवीन व्हर्जन आलं. आता कर्सर गिऱ्हाइकाच्या मोबाइल नंबरवर. औषध पहिल्या अक्षरापासूनच शोधायचं. आणि कंटेंटवरून शोधणं, म्हणजे हा ब्रँड संपलाय तर त्याच घटकाचा दुसरा कुठला आहे हे बघणं, ते रिपोर्टच्या मेनूत नेऊन टाकलंय. संध्याकाळी सात ते नऊ समोर आठ माणसं उभी असतात. काउंटरवरचा पोरगा सवयीने मोबाइलच्या खान्यात औषधाचं नाव मारतो आणि मशीन 'टुंग' करतं. त्या टुंगवर आता गिऱ्हाइकं हसायला लागलीत.

सपोर्टवाला म्हणे, "सर, नवीन स्क्रीन एकदम क्लीन आहे." आहे ना. काही सापडतच नाही इतकी क्लीन.

गोधडी
माझं दुखणं छोटं आहे, हसू नका. जुन्या फोनवर डायल करायच्या आकड्यांवरूनच नाव निघायचं. २ वर एबीसी, ३ वर डीईएफ, तसं. त्यामुळे मला नंबर नाही पण नावांचे आकडे पाठ. आई म्हणजे २२४. काका ५२५२, मामा ६२६२. दूधवाला ३८३४. चष्मा नसला तरी चालायचं, बोटांना जागा माहीत होत्या.

अपडेट झालं आणि ५२५२ दाबलं की नुसतं ५२५२ दिसतं. काका नाहीत. नात म्हणाली, "आजी, वर भिंग आहे ना, त्यात नाव टाइप कर." भिंग दिसायला चष्मा लागतो गं बाई!

शिवाय नातीने हौसेने सगळी नावं मराठीत करून दिली होती. ती आकड्यांवरून तशीही निघत नव्हती, म्हणून मी एकेक करून परत इंग्रजीत केली होती. तीन दुपारी गेल्या त्यात. सगळं पाण्यात.

हेच आपलं
संगणकावर स्टार्टमध्ये 'भाडेकरार' टाइप केलं की माझी फाइल यायची. आता वकिलांच्या जाहिराती येतात. फाइल माझी, संगणक माझा, जाहिरात त्यांची.

शिव्या खायला हजर
हिंजवडीत आहे. अशी एक सोय मी स्वतःच्या हाताने काढली आहे, म्हणून लिहितो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नावात कुठेही जुळणारा शोध डीफॉल्ट होता, म्हणजे न निवडता आपोआप चालू. नोंदी लाखांत गेल्या तसा तो रखडायला लागला. पहिल्या अक्षरापासून शोधलं तर डेटाबेसला इंडेक्स वापरता येतो, कोशात 'ख' काढून पुढे जातो तसं. मधली अक्षरं दिली तर तो साधा इंडेक्स कामाचा नाही, पहिल्या पानापासून प्रत्येक ओळ वाचावी लागते. त्यावर उपाय आहेत, अक्षरांचे तुकडे पाडून वेगळा इंडेक्स करता येतो, पण त्याला वेळ आणि पैसा लागतो. 'पहिल्या अक्षरापासून' हा बदल एका दुपारचा होता. मीटिंगमध्ये आकडे दाखवले गेले की ही सोय फारसं कुणी वापरत नाही. पण डीफॉल्ट गोष्ट वापरतोय हे वापरणाऱ्यालाही कळत नाही, आणि वापराची माहिती पाठवणं बंद करून ठेवणारे आमच्या आकड्यांत नसतातच. मी हे तेव्हा बोललो नाही. अप्रेझलचा महिना होता.

काउंटरवाले, कंपनी किंवा आयटम मास्टरच्या (म्हणजे मालाच्या मूळ यादीच्या) सेटिंगमध्ये शोधाचा प्रकार निवडायची सोय आहे का बघा. पुष्कळदा जुनं वागणं काढून टाकलेलं नसतं, नुसतं बंद केलेलं असतं.

तालुक्याची ग्रंथपाल
आमच्या कॅटलॉगमध्ये पूर्वी 'सर्व' हा पर्याय आपोआप निवडलेला असायचा. लेखक, शीर्षक, विषय, कशातही शोधा. आता 'शीर्षक' निवडलेलं येतं. वाचक खिडकीशी येऊन "पु. ल. आहेत का?" म्हणतात आणि मशीन सांगतं, नाहीत. मागे अख्खं कपाट भरलंय!

'सर्व' करून शोधलं तरी गंमत आहेच. आमच्याकडे पु. ल. तीन प्रकारे नोंदले गेलेत: टिंबानंतर जागा सोडून, न सोडता आणि टिंबाशिवाय. आधीच्या शोधाला हे तिन्ही चालायचे, कसे कोण जाणे. नव्याला एकच चालतो. आता मी एका वहीत लिहून ठेवलंय कोण कसं नोंदलंय ते. कॅटलॉगचा कॅटलॉग.

जुना खोड
हे मोठ्या प्रमाणावरही होत आलंय. गूगलमध्ये शब्दाआधी अधिकचं चिन्ह दिलं की तो शब्द हवाच असा अर्थ व्हायचा. ऑक्टोबर २०११ मध्ये ते गेलं, त्याऐवजी अवतरणचिन्हं द्या म्हणाले. चित्रांच्या शोधातलं 'चित्र पाहा' हे बटण फेब्रुवारी २०१८ मध्ये निघालं. गेटी इमेजेसशी करार झाला होता, त्यामुळे निदान कारण तरी समजलं. पानाची साठवलेली प्रत दाखवणारा दुवा २०२४ च्या सुरुवातीला गेला. अधिकच्या चिन्हाकडे माझं बोट अजून जातं. दहा-बारा वर्षं उलटून गेली तरी.

गोधडी
नातीने दुसरं एक डायल करायचं ॲप टाकून दिलं. ३८३४ दाबलं, दूधवाला आला. पण आता फोन वाजला की दोन्ही ॲपं एकदम ओरडतात. ते उद्या बघू.

काउंटरवाला
हिंजवडीवाले, सापडलं. आयटम मास्टरमध्ये 'कुठेही' नावाचा चौकोन होता, टिक मारली. 'सार्टन' परत यायला लागलं. तुमच्या शिव्या निम्म्या माफ.

कर्सर मात्र मोबाइलवरच उभा राहतो, त्याला काही सेटिंग नाही म्हणे. टुंग चालू आहे.