गेजपेक्षा वजनकाटा आधी घ्या

गाडीच्या एसीत स्वतः गॅस भरायला आधी कोणती साधनं घ्यावीत, या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की गेज सेट (एसीतला दाब दाखवणारे मीटर) असला की गॅस किती आहे ते कळतंच. ते मला पटत नाही. व्हॅक्यूम पंप (भरण्याआधी आतली हवा आणि ओल ओढून काढणारा) हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण एसी बंद असताना गेज जो दाब दाखवतो तो तापमानावर ठरतो. आर१३४ए (गाड्यांच्या एसीतला एक गॅस) २५ अंशांना साधारण ५.६ बार दाखवणार, मग आत थोडासाच द्रव उरलेला असो की सिस्टिम पूर्ण भरलेली असो. एसी चालू असतानाही बाहेरचा उकाडा, पंख्याचा वेग, कंडेन्सरवरची (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवरची) धूळ यांनी काटा वर-खाली होत राहतो.

म्हणून पैसे आधी ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर घाला. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि वजन दिलेलं असतं. जुना गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्या (हवेत सोडू नका, प्लीज), मग व्हॅक्यूम, मग कॅन काट्यावर ठेवून तेवढाच गॅस भरा. लहान गाडीत सगळा मिळून चार-पाचशे ग्रॅम असतो, तिथे ५०-६० ग्रॅमचा फरकही गारव्यात जाणवतो. स्टिकरवर आर१२३४वायएफ (नव्या गाड्यांतला वेगळा गॅस) असेल तर अ‍ॅडॉप्टर लावून १३४ए कोंबू नका, दोन्हींचे कपलर (नळी जोडायची तोंडं) मुद्दाम वेगळे ठेवलेत. आणि लीक बुजवणारा सीलंट मिसळलेले कॅन टाळाच, तो पुढे रिकव्हरी मशीनमध्येही जाऊन बसतो.