शब्दचर्चा : ‘अभ्यासक्रम’ नेमकं कशाला म्हणायचं?

बोरूबहाद्दर
एका लेखाचं मराठी करतेय आणि अडलेय. इटलीतल्या मिलानच्या पोलितेक्निको विद्यापीठानं २०१२ मध्ये ठरवलं, की २०१४ पासून पदव्युत्तर आणि पीएचडीचं सगळं शिक्षण फक्त इंग्रजीत. तिथल्याच शंभरएक प्राध्यापकांनी कोर्ट गाठलं. २०१३ मध्ये ते लोम्बार्दी प्रांताच्या प्रशासकीय न्यायालयात जिंकले आणि पुढे अपिलातून प्रकरण घटना न्यायालयापर्यंत गेलं. २०१७ च्या ४२ क्रमांकाच्या निकालाचा सगळा डोलारा दोन शब्दांवर आहे : ‘कोर्सो दि स्तूदिओ’ (पदवीचं आख्खं शिक्षण) आणि ‘इन्सेन्यामेन्तो’ (त्यातला एकेक विषय). आख्खा कोर्सो फक्त इंग्रजीत ठेवता येणार नाही, त्यातली काही इन्सेन्यामेन्ती ठेवता येतील, तीही बेतानं.
दोन्हीला माझ्या हातून ‘अभ्यासक्रम’च पडलं. वाक्य झालं, ‘अभ्यासक्रम इंग्रजीत चालणार नाहीत, अभ्यासक्रम चालतील.’ वाचवा!

हलन्त
सरळ ‘कोर्स’ लिहा की.

बोरूबहाद्दर
तिथेही तेच. भाचा म्हणाला, ‘या सेमिस्टरला चार कोर्स आहेत.’ त्यावर आई : ‘एकदम चार डिग्र्या?’

उंटावरचा शहाणा
इन्सेन्यामेन्तो म्हणजे शब्दशः शिकवणं. मग ‘शिकवणी’?

हलन्त
शिकवणी म्हटलं की संध्याकाळी सात ते आठ आणि जिन्याखाली चपलांचा ढीग. घटना न्यायालय तिथवर पोचलं नसावं.

पानपुरके
बोलताना आपण त्याला ‘पेपर’ म्हणतो. ‘दुसऱ्या वर्षाला इकॉनॉमिक्सचे दोन पेपर.’ पण ‘पेपर इंग्रजीत’ लिहिलंत तर लोक परीक्षेचा समजतील, आणि इथे तो घोळ महागात पडेल. इटलीच्या १९३३ च्या विद्यापीठ कायद्यात शिकवण्याची आणि परीक्षेची, दोन्हींची अधिकृत भाषा इटालियन असं स्वच्छ लिहिलंय.
एमए मराठीचा जुना पाठ्यक्रम काढून बघा. ‘अभ्यासपत्रिका क्रमांक ३’ असं सापडेल. तोच शब्द हवाय तुम्हाला. कोर्सोला ‘पदवी-अभ्यासक्रम’ म्हणा, म्हणजे गल्लत नाही.

उंटावरचा शहाणा
अभ्यासपत्रिका! लग्नपत्रिकेची बहीण वाटते.

पानपुरके
वाटू दे. निदान तिचा अर्थ एकच आहे.

बोरूबहाद्दर
घेतली. आता ‘प्रिमातो’. इटालियन भाषेचा प्रिमातो हे निकालातलं एक मुख्य तत्त्व. ‘प्राधान्य’ लिहिलंय.

पानपुरके
नको. ‘स्थानिकांना प्राधान्य’ म्हणजे रांगेत पुढे उभं करणं, रांग तीच. न्यायालयानं परक्या भाषांना दार बंद केलेलं नाही. आंतरराष्ट्रीय होण्याचा विद्यापीठाचा हेतूही रास्त मानला. पण त्यापायी इटालियन भाषा इटलीच्याच विद्यापीठात कडेला, दुय्यम होऊन बसता कामा नये, असं सांगितलं. ‘अग्रस्थान’ बरं.

हलन्त
‘मानाचं स्थान’?

पानपुरके
तो तर सगळ्यात धोक्याचा. मानाचं स्थान दिलं की सत्कार होतो, काम दुसऱ्याकडे जातं. आपण २७ फेब्रुवारीला दरवर्षी देतोच की.

उंटावरचा शहाणा
शब्द ठरले, पण मला निकालच गुळमुळीत वाटतो. दहापैकी आठ अभ्यासपत्रिका इंग्रजीत ठेवल्या तर कोर्सो ‘संपूर्ण’ इंग्रजीत नाहीच ना?

पानपुरके
आकडा दिलेला नाही, खरंय. मात्र प्रमाण वाजवी हवं, नाहीतर आधीचं सगळं फुकट, हे न्यायालयानंच बजावलंय. म्हणून मूळ लेखात ‘वाजवी’ किंवा ‘प्रमाणात’ असं काही असेल तर अनुवादात अजिबात गाळू नका. सगळं वजन त्याच शब्दावर आहे.

बोरूबहाद्दर
अंतिम : ‘कोणताही पदवी-अभ्यासक्रम संपूर्णपणे आणि केवळ इंग्रजीत चालवता येणार नाही. त्यातल्या काही अभ्यासपत्रिका मात्र, वाजवी प्रमाणात, इंग्रजीत चालवता येतील.’

हलन्त
अभ्यासपत्रिका ‘चालवत’ नाहीत हो, ‘शिकवतात’.