सिंगापूर चटणी पोचली का? (अनुभव धागा: घरची माणसं, फोन आणि लहानपणीचं खाणं)

होटगीरोडकर
आईला टाइप करायचा कंटाळा, म्हणून भाचीनं तिला फोनशी बोलायला शिकवलंय. काल घरच्या ग्रुपवर मेसेज पडला: "सिंगापूर चटणी गाडीवर दिली आहे कडक बाकरवडी पण आहे दादाने उतरून घ्यावी."

दादा म्हणजे मी, मुक्काम पुणे; आई सोलापुरात. कुंभारीच्या काकांनी लगेच विचारलं, "वैनी, सिंगापूरला कोण गेलं होतं?" मावशीनं दोन अंगठे आणि हात जोडलेले. आत्यानं "प्रवास सुखाचा होवो". शेंगा चटणी आणि कडक भाकरी आहे, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. वर आईनं गाडीच्या नंबराचा फोटो पाठवला, त्यात शेवटच्या दोन आकड्यांवर तिचंच बोट.

असो, गाडी सापडली. डबा उघडला आणि साखर पेठेतलं घर आठवलं. जिन्याखाली उखळ होतं. दाणे भाजायचे, पाखडायचे, मग लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून आई आणि आज्जी समोरासमोर बसून आळीपाळीनं मुसळ टाकायच्या. तेल सुटून चटणीचा गोळा व्हायला लागला की आज्जी म्हणायची, "बास." उखळाच्या कडेला चिकटलेली चटणी भाकरीच्या तुकड्यानं पुसून खायचा मान एकालाच, त्यावरून माझ्या आणि ताईच्या झिंज्या.

लिहा तुमचं. फोन, टीव्ही, मिक्सर, काहीही चालेल.

बाळीवेस_बे
का बे, सकाळ सकाळी भूक लावलालास. ऑफिसात बसलोय, समोर बिस्किट.

अनघा_जुळेसोलापूर
आमच्या सासूबाई शेंगा चटणीत लसूण घालत नाहीत. चव लागते बरं का. वाद नको.

बाळीवेस_बे
वाद आहेच. लसूण नाही तर ते दाण्याचं कूट झालं.

अनघा_जुळेसोलापूर
हे माझ्या घरी येऊन म्हणा, भाकरी पण मिळणार नाही 😄

पूर्वभागातली
माझं जरा लांबणार आहे, पोरगं झोपलंय तोवर लिहून घेते.

अम्मा बिड्या वळायची. अशोक चौकाच्या मागं आमची गल्ली, दुपारी प्रत्येक उंबऱ्यात एक बाई, मांडीवर सूप. पानं भिजवून ठेवायची, पत्रा लावून कातरीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा. तोंडानं गप्पा, हाताकडं बघायचंच नाही. हजाराच्या हिशोबानं मजुरी, आणि कारखान्यात तपासणारा छाट, म्हणजे नापास बिड्या, काढून बाजूला टाकायचा, त्याचा पैसा नाही. ज्या दिवशी छाट जास्त निघायची त्या दिवशी आम्ही पोरं गप्प बसायचो, सांगावं लागायचं नाही.

आता वय झालं. रेशनच्या मशीनवर अम्माचा अंगठा उठत नाही. इतकी वर्षं पानं आणि कातरी, रेषा झिजून गेल्या. दुकानदार म्हणतो, "आज्जी, हात पुसून या." पुसून जाते. मग दुसरं बोट, मग डाव्या हाताचं. मग म्हणतो ओटीपी घेऊ. मोबाइल नंबर अण्णाच्या नावाचा, अण्णा भिवंडीला मागावर, यंत्रमागाच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही. रांगेतले लोक कुरकुरतात. अम्मा मात्र शांत उभी. गल्लीतल्या निम्म्या बायांची हीच कथा, कुणाला लाज नाही उरली आता.

खाण्याचं विचारलंत ना. अंबाडीला आम्ही पुंटिकूर म्हणतो, ती भाजी आणि ज्वारीची भाकरी हे रोजचं. आणि संक्रांतीला सकिनालू. तांदळाचं पीठ, तीळ, ओवा, धोतरावर बोटांनीच पिळा देत देत गोल चक्रं घालायची, साचा नाही काही नाही. जरा सुकली की तेलात. यंदा मी व्हिडिओ बघून घातली, तुटली. अम्मानं माझा फोन बाजूला ठेवला आणि पीठ ओढून घेतलं.

निवांत_काका
ताई, फार छान लिहिलंत. आमच्याकडं बँकेत हीच अडचण, आईसाहेबांचा अंगठा शेवटपर्यंत उठला नाही. डोळ्यांची मशीनं काही ठिकाणी आलीत, चौकशी करा.

पूर्वभागातली
हो काका, ऐकलंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तिचं, ते पण चालेल का बघते.

संगमेश_अक्कलकोट
वेळ अमावस्येचं सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या, आमच्या तालुक्यात त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. भज्जी, आंबिल म्हणजे आंबट पेय, आणि बाजरीचे उंडे म्हणजे उकडलेले गोळे. भज्जीत काय नसतं ते विचारा: तूर, वाटाणा, हरभरा, पावट्याच्या शेंगा, असेल ती पालेभाजी, वर चिंच आणि बेसन. आंबिलाचं मडकं आदल्या रात्रीपासून भरून, लसणाचा वास घरभर.

यंदा पुण्याची चुलत भावंडं दोन गाड्या करून आली. म्हटलं लोकेशन पाठवतो. मॅपनं त्यांना ओढ्याच्या पलीकडं नेऊन सोडलं. तिथून आम्ही दिसतोय, हात करतोय, मध्ये ओढा. फोनवर बाई सांगतेय "तुम्ही पोहोचला आहात". भाऊ म्हणतो ती म्हणते पोचलोय. अप्पांनी फोन घेतला, "त्या बाईला म्हणावं, ये जेवायला." शेवटी बैलगाडीच्या वाटेनं फिरून आली, तोवर आमची एक पंगत उठली होती. उंडे मात्र राखून ठेवले होते.

बाळीवेस_बे
अप्पा 🙏

नवीपेठ_ते_नागपूर
मला नागपुरात कडक भाकरी मिळत नाही हो. कुणी कुरिअर करतं का? रस्त्यात चुरा होत नाही ना?

अनघा_जुळेसोलापूर
होतो. झाला तर चुऱ्यावर दही, कांदा आणि शेंगा चटणी टाकून खा. आम्ही मुद्दाम फोडून खातो.

मिलवाल्याचा_नातू
आजोबा मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. त्यांच्या वेळी अख्ख्या शहराला घड्याळ म्हणजे भोंगा. पहिला भोंगा झाला की आज्जी चूल पेटवायची, दुसऱ्याला डबा भरलेला पाहिजे. मिल बंद होऊन जमाना झाला, पण ते अजून त्याच वेळेला उठतात. मी फोनमध्ये गजर लावून दिला तर म्हणाले, "हे काय पाळण्यातलं वाजलं." मग नेटवर मिलच्या भोंग्याचा आवाज शोधला, एक मिळाला, कुठल्या तरी बोटीचा निघाला. तोच लावलाय. पहाटे खालच्या मजल्यावरच्या वैनी घाबरून वर आल्या.

पगाराच्या दिवशी ते कागदात बांधून खारी बुंदी आणायचे. कागद तेलानं पारदर्शक झालेला असायचा, त्यातून आतली बुंदी दिसायची. जुनी मिल 1877 ची म्हणून ते अजून अभिमानानं सांगतात, स्वतः काम दुसऱ्या मिलमध्ये केलं तरी.

निवांत_काका
भोंगा शाळेला पण कामाचा होता. वाजला आणि तुम्ही अजून टिळक चौकात असलात तर छडी पक्की.

हुतात्मा_पास_होल्डर
धाग्याच्या विषयाशी संबंध नाही, तरी सांगतो. पोरीनं विचारलं, रेल्वेचं नाव हुतात्मा का? मी फोनला विचार म्हटलं. फोननं तिला तिकिटाचे दर वाचून दाखवले. मग बाबा पुढं सरसावले, सोलापूरचे चार हुतात्मे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, 12 जानेवारी 1931, येरवड्यात फाशी. चारही नावं एका दमात. पोरगी म्हणाली, आजोबा, तुमचं नेट फास्ट आहे. बाबांनी खुशीत तिला शेंगाची पोळी दिली, तूप जरा जास्तच.

सातरस्ता_सून
शेंगाची पोळी! संक्रांतीला तिळगूळ एक वेळ राहिला तर राहू दे.

गड्ड्याचं, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेचं सांगते. सासूबाईंचे गुडघे गेले, त्यामुळं अक्षता सोहळ्याला जाता येत नाही. यांनी ठरवलं, जिथं अक्षता पडतात त्या संमती कट्ट्यावरून व्हिडिओ कॉल लावायचा. एवढ्या गर्दीत नेटवर्क कुठलं मिळायला. आमच्या टीव्हीवर फक्त यांच्या नाकपुड्या, त्याही थांबलेल्या. बाराबंदीचे पांढरे अंगरखे नाहीत, नंदीध्वजाच्या उंच काठ्या नाहीत. सासूबाई तरी टीव्हीसमोर अक्षता हातात घेऊन बसल्या होत्या. शेवटी मुलानं आकाशवाणीसारखं काहीतरी लावून दिलं, आवाज आला, त्यांनी तिथूनच अक्षता टाकल्या. सोफ्याच्या फटीतून महिनाभर तांदूळ काढतेय मी.

अनघा_जुळेसोलापूर
नाकपुड्या 😂😂 आमच्याकडं आई नेहमी फक्त कपाळ आणि पंखा दाखवते.

बाळीवेस_बे
आमच्या गल्लीचा ग्रुप सांगू का. नळ चार-पाच दिवसांनी, तो पण रात्री कधी तर. त्यासाठी ग्रुप काढला, नाव "पाणी आलं का". पहिला आठवडा बरा गेला. आता त्यावर गुड मॉर्निंग, पंचांग, वाढदिवस, आणि पंचनाम्यासारखे लांब फॉरवर्ड. खरंच पाणी आलं त्या रात्री सगळ्यांनी ग्रुप म्यूट केलेला. तिसऱ्या घरच्या मावशींनी जुन्या पद्धतीनं पत्र्यावर दगड मारला तेव्हा गल्ली उठली.

नवीपेठ_ते_नागपूर
मावशींनाच अॅडमिन करा.

संगमेश_अक्कलकोट
उखळ कुणाला पाहिजे असेल तर कुठं मिळतं? बायको मिक्सरवरच्या चटणीला हात लावेना झालीय, हा धागा वाचून दाखवला ना.

निवांत_काका
मंगळवार बाजारात बघा. दगडी नाही मिळालं तर पाथरवटाकडं सांगून करून घ्या, लोखंडी घेऊ नका.

होटगीरोडकर
फ्लॅटमध्ये जपून. मी इथं खलबत्त्यात प्रयत्न केला, खालून सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: "कोणाच्या घरी फरशीचे काम चालू आहे?"

सातरस्ता_सून
मिक्सरमध्ये पण जमते. जाडसर दाणे, एकदम फिरवत ठेवायचं नाही, बटण दाबा-सोडा दाबा-सोडा करायचं, मध्ये झाकण काढून चमच्यानं हलवायचं. गरम झालं की थांबायचं. तेल सुटतं.

संगमेश_अक्कलकोट
वैनी, प्रमाण? तिखट किती, लसूण सालीसकट का सोलून?

सातरस्ता_सून
सालीसकट. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, भाऊजी. प्रमाण संध्याकाळी टाकते.