प्रतिसाद: ठाण्यात मॉल सोडून काय बघावं?

मैत्रिणींबरोबर शनिवार-रविवारी ठाण्यात मॉल सोडून काय बघावं, असं विचारलंय म्हणून लिहिते. गेल्या महिन्यात आम्ही चौघी कापूरबावडीच्या ठाणे कलाभवनात गेलो होतो. तलावपाळीच्या एका जलरंगातल्या चित्रापुढून पायच निघेना. पाण्यात हलणारे दिवे म्हणजे रंगच नव्हता, नुसता कोरा सोडलेला कागद! प्रदर्शनं बदलत असतात, तेव्हा आधी चौकशी करून जा. मग रिक्षाने जांभळी नाक्याच्या बाजारात. तिथे पितळेची समई वजनावर घेतली, दुकानदारानं काट्यावर ठेवायच्या आधी तिचे पेच घट्ट करून दाखवले. राम मारुती रोडवरची खरेदी मात्र चारच्या आत उरका, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. आणि मामलेदारची मिसळ पहिल्यांदाच खाणार असाल, तर कमी तिखटच मागा.