केनियाची रेल्वे, चिनी कर्ज आणि आपल्या मालावरचा कर

कुपवाड_निर्यात :
कुपवाड एमआयडीसीतून नैरोबीला पंपांचे सुटे भाग जातात. तिकडचा खरेदीदार दरवेळी ‘रेल्वे विकास कर’ दाखवून भाव पाडून मागतो. हा कर चिनी कर्ज फेडायलाच आहे म्हणे. कर्ज दिलं कोणी, रेल्वे बांधणाऱ्या कंपनीनंच का? आणि हप्ते थकले तर मोम्बासा बंदर चीनकडं जाणार, हे खरं का?

कृष्णाकाठ :
देणारा वेगळा, बांधणारा वेगळा. दोघांचा मालक मात्र चीन सरकार. मे २०१४ मध्ये चायना एक्झिम बँकेनं मोम्बासा–नैरोबी मार्गासाठी सुमारे ३.२ अब्ज डॉलरचे करार केले. काम चायना रोड अँड ब्रिज कॉर्पोरेशनकडं. ठेकेदार झालेल्या कामाचं बिल लावतो, केनियाकडून मंजुरी मिळते आणि बँक थेट ठेकेदाराला पैसे देते. म्हणजे ठेकेदार आधीच ठरलेला. खुली निविदा नाही, त्यामुळं दर ताडून बघायला दुसरा आकडाच नाही. माझ्या मते खरं दुखणं हे, व्याज त्यानंतर. जून २०२० मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं ही खरेदी बेकायदा ठरवली, पण गाड्या २०१७ पासूनच धावत होत्या, आणि जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला.

मिरज_जंक्शन :
व्याजाचं सांगतो. साधारण निम्मं कर्ज सवलतीचं : २ टक्के स्थिर, मुदत २० वर्षं, पहिली ७ वर्षं मुद्दल नाही. उरलेलं व्यापारी : लायबोर (लंडनचा तेव्हाचा आंतरबँक व्याजदर) अधिक ३.६ टक्के, १५ वर्षं, मुद्दलाला सूट फक्त ५ वर्षांची. ही सूट बांधकामातच बरीचशी संपली. गाडी सुरू होऊन दोन-अडीच वर्षं होतात तोवर मुद्दल दारात, तेही तेव्हा डॉलरमध्ये, आणि मालवाहतुकीचं उत्पन्न तेवढं नव्हतं.

बंदराचं म्हणाल, तर बंदर प्राधिकरणानं रेल्वेला ठराविक माल देण्याची हमी दिलीय. कमी पडला तर फरकाचे पैसे भरायचे. बांधून घेतलाय तो बंदराचा माल. कर्जाचा वाद झाला तर लवाद बीजिंगला, कायदा चीनचा. हे कलम मला बंदराच्या अफवेपेक्षा जास्त गंभीर वाटतं.

सांगली_शिपिंग :
कुपवाडकर, तुमच्या कामाचं. हा कर आयातदार भरतो, तुम्ही नाही. आकारणी सीआयएफ किमतीवर, म्हणजे माल, विमा आणि जहाजभाडं मिळून. २०१३ मध्ये दीड टक्का होता, पुढं दीड-दोनमध्ये हलत राहिला. एक लाख डॉलरच्या मालावर १,५०० की २,००० हे माल तिकडं पोचतानाच्या दरावर ठरतं. म्हणून भाव एफओबी, म्हणजे माल इथं जहाजावर चढेपर्यंतचाच द्या, कर त्यात मिसळू देऊ नका. माल ट्रकनं नेला तरी कर चुकत नाही.

रेल्वेनंच कंटेनर नेण्याची सक्ती सप्टेंबर २०२२ मध्ये उठली. तेव्हा बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालपावतीवर) पोच मोम्बासा लिहायची की नैरोबीचा एम्बाकासी डेपो, हे खरेदीदाराकडून बुकिंगआधी लेखी घ्या. नंतर बदलायला पैसे आणि दिवस दोन्ही जातात.

मिरज_जंक्शन :
पुढं युगांडाला माल असेल तर आणखी एक. ही नवी लाईन नैवाशापाशी संपते, पुढं जुनं मीटरगेज. तीन गेज बघितलेल्या मिरजेला माल उतरवून चढवण्याचा खर्च सांगायला नको. तो कोण सोसणार, हे आधी ठरवा.